झडप उशिरा मिटत होती

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, वडिलांजवळ नाही, आणि ज्या माणसाला सांगायला हवं होतं त्याच्याजवळ तर नाहीच नाही. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही — म्हणून जमेल असं वाटतंय. दोनदा सुरुवात करून उठलो. एकदा पाणी प्यायला, एकदा उगाच गेटपर्यंत जाऊन आलो. बायको म्हणाली, पायाला भिंगरी लागलीय काय तुमच्या? म्हटलं, पाठ धरलीय. म्हणजे बघा, सुरुवात करतानाही खोटंच.

बेळगावात उद्यमबागेत एका कारखान्यात मी व्हॉल्व डिझाइन करतो. मूळचा उचगावचा. शेती भाऊ बघतो, मी बघत नाही, त्याबद्दल वडिलांचं काही म्हणणं नाही. उलट ते पारावर सांगतात, आमचा थोरला पाण्याची वाट मोकळी करतोय. अगदीच खोटं नाही ते. पाइपातून जाताना पाणी प्रत्येक वळणाला, प्रत्येक अडथळ्याला थोडा जोर गमावतं. तो जोर पंपानं लावलेला असतो आणि पंपाला वीज लागते. व्हॉल्वच्या पोटातला आकार नीट केला तर जोर वाचतो. पूर्वी ओतकाम करून, पाणी सोडून बघायचे. आता आम्ही संगणकावर बघतो. पाण्याची वाट लाखो बारीक तुकड्यांत कापायची, एकेका तुकड्याचं गणित मशीनला करू द्यायचं, आणि शेवटी चित्र येतं — पाणी अडतं तिथं लाल, सुखानं जातं तिथं निळं. लालाचं निळं करणं हा माझा धंदा.

हे काम मला आवडतं. आजही आवडतं, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर तुम्हाला वाटेल, पश्चात्ताप होऊन ह्यानं नोकरी सोडली असेल. नाही सोडली. बढती मिळाली.

निपाणीच्या पुढं वेदगंगेच्या काठाला एक गाव आहे. नाव नको. ऊस, थोडी तंबाखू, आणि गावाची स्वतःची पाणी संस्था — नदीतून पाणी उचलायचं आणि अडीच किलोमीटर चढावर माळाला पोचवायचं. एवढ्या लांब चढाला पंपाच्या तोंडाशी एक एनआरव्ही लागतो. पाण्याला मागं येऊ न देणारा व्हॉल्व. आत एक झडप असते, एकाच बाजूला उघडणारं कवाड म्हणा. पंप चालू असला की पाणी तिला ढकलून पुढं जातं, पंप थांबला की ती मिटते आणि चढावरचं पाणी मागं पळत येऊन पंपात शिरत नाही. त्यांचा जुना एनआरव्ही जड झडपेचा होता, अर्धाच उघडायचा. पाणी त्याला घासून, कण्हत जायचं. माळाच्या टोकाच्या लोकांना पाणी कमी पडायचं. संस्थेनं आमच्या कारखान्याला विचारलं आणि ते काम माझ्याकडं आलं.

मी झडप हलकी केली. बिजागरीची जागा वर सरकवली. पाणी वाहताना झडप जवळजवळ आडवी होऊन छताला लागेल अशी पोटात जागा केली. सात-आठ आकार करून बघितले. शेवटचं चित्र आलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. एका कडेची पिवळी रेघ सोडली तर सगळं निळं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात देखणं काम. हे मी गर्वानं सांगतोय का? असेल. ते देखणं होतं, त्याला काय करू?

पण एक गोष्ट राहिली होती. कवाड जेवढं जास्त उघडणार, तेवढं त्याला परत यायला लांब. मोटर अचानक थांबली तर झडप मिटायला येईपर्यंत पाणी मागं फिरलेलं असणार, आणि मग ते पाणीच झडपेला ओढून आपटणार. लोखंडावर लोखंड, मागं अडीच किलोमीटर पाण्याचं वजन. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आमच्या धंद्यात हे पहिल्या वर्षाला कळतं. त्याचंही गणित करायचं असतं. पण ते चालत्या झडपेचं गणित. झडप मिटत आली की फटीतले ते बारीक तुकडे चिरडतात आणि हिशेब मधेच तुटतो. दोनदा लावला, दोनदा तुटला. तिसऱ्यांदा लावायचा म्हणजे मशीन चार दिवस अडकणार, बाकीचे लोक माझ्या नावानं बोटं मोडणार, आणि ओतकामाला ड्रॉइंग द्यायचा दिवस उद्यावर आलेला. तपासणीच्या कागदावर एक ओळ होती — झडप मिटण्याची चाचणी. तिच्यापुढं मी ‘समाधानकारक’ लिहिलं आणि सही केली.

झालं? एवढंच? — तुम्ही म्हणाल, न बघता सही कोण करत नाही. मीही स्वतःला तेच म्हणत आलो. पण हे ते नव्हे. अजून पुढं आहे.

संस्थेच्या ऑफिसात मी लॅपटॉप घेऊन चित्रं दाखवायला गेलतो. सात-आठ जण, चहा, भजी. निळा रंग लोकांना आवडतो. आधीचं लाल, आताचं निळं — एवढ्यावर चेअरमन खुश. दाराजवळ चप्पल ठेवायच्या जागेपाशी एक माणूस उभा होता, पन्नाशी ओलांडलेला, हातात गुंडाळलेला रुमाल. भीमाण्णा कांबळे, पंपचालक. एकोणीस वर्षं त्याच पंपावर. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. सगळ्यांचं विचारून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, “साहेब, आणि लाईट गेल्यावर?”

पूर्ण खोलीत तो एकच प्रश्न कामाचा होता. मी हसलो. म्हटलं, तेही बघितलंय आण्णा.

भीमाण्णांबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पंप थांबवायची एक रीत असते. आधी मोठ्या चाकाचा व्हॉल्व हातानं हळूहळू बंद करायचा, पाण्याचा जोर मारायचा, आणि मगच स्टार्टरला हात लावायचा. चाक फिरवायला सात-आठ मिनिटं जातात, दंड भरून येतात. बरेच चालक कंटाळा करतात. भीमाण्णा चाकाचे फेरे मोजायचे, तोंडातल्या तोंडात, कानडीत. शाळा कानडीत झालेली, म्हणून अंक कानडीत. फेरे पुरे झाल्याशिवाय त्यांचा हात स्टार्टरकडं जायचाच नाही. पाइपाला कान लावून कुठला बेअरिंग उद्या आवाज करणार हे ते आज सांगायचे. गावात त्यांना कुणी अहो-जाहो करत नव्हतं. चेअरमनचा मुलगासुद्धा ‘ए भीम्या’ म्हणायचा. मी मात्र आण्णा म्हणायचो, तुम्ही म्हणायचो. आणि खरं सांगू — त्याचा मला भारी अभिमान होता. मी कसा सुधारलेला, शिकलेला. त्या अभिमानाची आठवण आली की आता अंगाला खाज सुटल्यासारखं होतं.

व्हॉल्व बसला. माळाच्या टोकाला पाणी पोचलं. चेअरमननं फोन करून सांगितलं की शेवटच्या शेतातही पाट भरून वाहतोय. आमच्या मालकांनी मला केबिनमधे बोलावून पेढे दिले. तीन आठवडे गेले, आणि एका दुपारी जेवताना भीमाण्णांचा मेसेज आला. लिहिलेला नाही, आवाजाचा. पंपाची घरघर, मग घरघर बंद, थोडी शांतता — आणि मग ‘धप्प’. त्यामागून त्यांचा आवाज: “साहेब, लाईट गेली की ह्ये असं बोलतंय. जुनं असं बोलत न्हवतं. ह्ये उशिरा मिटतंय.”

मी तो तीनदा ऐकला. शांतता किती लांबली तेही मनात मोजलं. मला कळलं होतं. डबा अर्धाच मिटवला — इतकं कळलं होतं. आणि मी उत्तर लिहिलं: नवीन आहे आण्णा, रुळेल.

का लिहिलं तसं? तेव्हा कबूल केलं असतं तर काय झालं असतं? एक व्हॉल्व काढावा लागला असता, जुना परत बसला असता, मालकांनी दोन दिवस तोंड वाकडं केलं असतं. बस. कुणाचं काही गेलं नव्हतं अजून. हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारलाय की आता उत्तराचीही गरज वाटत नाही. मला निळं चित्र प्यारं होतं. दुसरं काही नाही.

पुढं दोन महिन्यांनी ते झालं. उन्हाचे दिवस, उसाला पाणी हवंच हवं असे. सकाळी पावणेअकराच्या सुमाराला पंपाच्या लाईनवर वीज क्षणभर दबली. गेली नाही, दबली. मोटर थांबली, झडप उशिरा आली आणि आपटली. दणका पाइपातून मागं-पुढं फिरला आणि पंपघरातला बिडाचा पाइप उभा चिरला. चढावरचं सगळं पाणी पंपघरात. भीमाण्णा कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून मेन स्विच खाली ओढायला गेले. माणूस वाचला ते नशीब. पंपघरातल्या दोन्ही मोटरी बुडाल्या. बारा दिवस माळाला थेंब नाही.

गावचं डोकं फिरलं. फिरणारच, पिकं उभी होती. पण गावातली वीज त्या वेळी गेली नव्हती. गावाची लाईन वेगळी, पंपाची वेगळी. जो तो म्हणायला लागला, माझ्या घरात पंखा फिरत होता, वीज गेली कुठं? वीज ऑफिसात विचारलं, तिथंही काही नोंद नाही. क्षणभर दबलेल्या विजेची कोण नोंद ठेवतो? मग उरलं काय? पंपचालकानं चाक बंद न करता, घाईनं स्टार्टर पाडला असणार. कशाची घाई? त्या दिवशी त्यांच्या विहारात काही कार्यक्रम होता. तिकडं जायचं असेल. झालं, बसला मेळ. एका दिवसात अख्ख्या गावाला पटलं. भीमाण्णा सांगत राहिले की मी हात लावला न्हाय, मोटार आपली आपण थांबली. कोण ऐकतो?

माझ्या कारखान्यानं मला पाहणीला पाठवलं. आमचा व्हॉल्व असल्यामुळं आमचा माणूस हवा. मोटरसायकलवरून गेलो. संकेश्वर, निपाणी, पुढं नदीचा रस्ता — आणि वाटभर मनात एकच: काही सापडू नये.

आता येतोय त्या गोष्टीकडं. मघापासून चकरा मारतोय, माझं मला दिसतंय.

पंपघरातलं पाणी काढलं होतं. भिंतीला पाण्याची रेघ. स्टार्टरचं पॅनेल मात्र उंचावर होतं, तिथवर पाणी पोचलं नव्हतं. भीमाण्णा माझी वाटच बघत होते. मला बघून त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरलेलो नाही — आपला माणूस आला, असं काहीतरी. हाताला धरून त्यांनी मला पॅनेलपाशी नेलं. मोटरीच्या रक्षणाला तिथं एक छोटं यंत्र असतं. मोटर का थांबली ते त्यात लिहून येतं आणि कुणी रीसेट करेपर्यंत तसंच राहतं. पुढचं कारण आलं की मागचं जातं, एवढीच त्याची आठवण. भीमाण्णांना त्यातलं इंग्रजी वाचता येत नव्हतं. पण एकोणीस वर्षांत त्यांनी एक ओळखलं होतं — मोटर हातानं थांबवली तर दिवा लागत नाही, आपली आपण थांबली तर पिवळा दिवा लागतो. मी पॅनेलला वीज दिली. पिवळा दिवा लागला.

म्हणाले, “साहेब, मी कुणाला हात लावू दिला न्हाय याला. तुमी या म्हणून ठेवलंय. बघा की काय म्हणतंय.”

मी बघितलं. वीज दबल्यामुळं मोटर बंद, असं स्पष्ट लिहिलं होतं. खाली वेळ होती, दहा चव्वेचाळीस. भीमाण्णा माझ्या खांद्याजवळ उभे होते, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. बाहेर चेअरमन फोनवर बोलत होते. माझ्या खिशात मोबाइल होता, त्यात कॅमेरा होता. एक फोटो. हाक मारून चेअरमनला आत बोलावलं असतं तरी पुरे होतं. मग पुढचा प्रश्न आला असता — वीज तर रोजच जाते-येते, मग पाइप आताच का फुटला? आणि त्याचं उत्तर माझ्या सहीपाशी येऊन थांबलं असतं.

मी रीसेटचं बटण दाबलं.

दिवा गेला. ओळ गेली. अंगठा काढला तेव्हा पडद्यावर नुसती शून्यं होती. भीमाण्णांनी विचारलं, काय म्हणालं ते? मी म्हटलं, काही नाही आण्णा, ओल धरून बिघडलंय, दिवा उगाच लागला होता. ते पडद्याकडं बघत राहिले. मग माझ्याकडं बघितलं. संशयानं नाही. त्यांना माझा संशय आलाच नाही, हेच तर. त्यांना वाटलं, यंत्रानंही दगा दिला.

अहवालात मी लिहिलं की चालकानं चाकाचा व्हॉल्व बंद न करता पंप थांबवला असण्याची शक्यता आहे. ‘शक्यता’ हा शब्द मी फार विचार करून घातला होता. संस्थेच्या बैठकीत वाचताना चेअरमननं तो गाळला की ऐकणाऱ्यांनी, कोण जाणे. कुणी उलटा प्रश्न विचारला नाही. माझी तीच अपेक्षा होती. आणि इथं मला एक गोष्ट उघड बोलायला हवी, कारण ती मी स्वतःशीही फार उशिरा बोललो. त्या जागी चेअरमनच्या भावकीतला कुणी असता, आमच्या उचगावच्या घरातल्यासारखा कुणी असता, तर गावानं दहा प्रश्न विचारले असते. वीज ऑफिसावर मोर्चा नेला असता. बटण दाबताना मला ठाऊक होतं की कांबळ्याबद्दल कुणी एवढं खणत बसणार नाही. तेवढ्यावर मी निश्चिंत होतो. आणि हाच मी, त्यांना आण्णा म्हणणारा.

भीमाण्णांना काढलं. पोलिसांत देऊया असं दोघं-तिघं म्हणत होते, तर मी मधे पडलो. म्हटलं, एवढी वर्षं काम केलंय, राहू द्या. त्याबद्दल भीमाण्णांनी माझे हात धरले. सगळ्यांसमोर. मी हात सोडवून घेतले आणि गाडीला किक मारली.

त्यांची मुलगी सुजाता बेळगावात बँकेत अधिकारी आहे. आठवड्यानं तिचा फोन आला. आरडाओरडा नाही, शांतपणे विचारत होती. तिनं कुणालातरी विचारून घेतलं होतं. म्हणाली, पॅनेलच्या यंत्रात मोटर थांबल्याचं कारण राहतं ना? मी म्हटलं, राहतं, पण मी बघितलं, त्यात काही नव्हतं. ती म्हणाली, आप्पा म्हणतात पिवळा दिवा लागला होता. मी तोच खुलासा केला, जरा जास्त सफाईनं. मागून भीमाण्णांचा आवाज आला, तिला सांगत होते — सुजा, सोड आता, साहेबांनी सवता बघितलंय. तिनं फोन ठेवला. तिला माझं पटलं नव्हतं. पण तिच्या बापाला पटलं होतं, मग ती काय करणार?

त्याच आठवड्यात मी ते राहिलेलं गणित लावलं. मिटणाऱ्या झडपेचं. फटीजवळचे तुकडे कसे वाचवायचे याची युक्ती एका तासात सुचली. आधी का सुचली नाही? आधी मी मन लावून बघितलंच नव्हतं. मशीन चार दिवस चाललं आणि कुणी माझ्या नावानं बोटंही मोडली नाहीत. पाचव्या दिवशी सकाळी पडद्यावर झडप खाली येताना बघितली. पाणी आधी मागं फिरत होतं, ती नंतर येत होती. उशीर अगदी तेवढा, जेवढा त्या आवाजात ऐकला होता. लाखो तुकड्यांचं गणित करून मला जे कळलं ते एका माणसाला कानानं कळलं होतं. त्यानं मला सांगितलंही होतं.

मग मी नवी झडप केली. कमी उघडणारी, मागं स्प्रिंग लावलेली, वेळेत मिटणारी. थोडं निळं गेलं, थोडं पिवळं आलं. ती त्या गावात ‘सुधारित आवृत्ती’ म्हणून आम्ही आमच्या खर्चानं बसवून दिली. चेअरमननं मला शाल घातली. आज ती झडप कितीतरी ठिकाणी आहे आणि कुठंही आपटत नाही. नवीन मुलींना-मुलांना शिकवताना मी बजावून सांगतो, उघडी झडप बघून खुश होऊ नका, मिटताना बघा. ते वहीत लिहून घेतात. सर फार बारकाईनं काम करतात, असं माझ्या मागं बोलतात म्हणे.

इथं संपवलं तरी चाललं असतं. बटणाची गोष्ट ही माझी कबुली आहे, असं मीही बरेच दिवस धरून चाललो होतो. गेल्या महिन्यात कळलं की ती नव्हे.

कोल्हापूरला कामाला चाललो होतो. निपाणीत चहाला उतरलो. भर दुपार, बाजाराचा दिवस. गाड्यावर कप हातात घेतला आणि शेजारून आवाज आला, साहेब, तुमी? भीमाण्णा. पिशवीत मेथी आणि वांगी. वाळलेले वाटले, पण कपडे स्वच्छ, इस्त्रीचे. मला बघून खरोखर आनंदले. बाकड्यावर पिशवी सरकवून जागा केली. सुजाताचं लग्न ठरलंय म्हणाले, या म्हणाले. माझ्या वडिलांची तब्येत विचारली. मी घाईत आहे असं दाखवायला घड्याळ बघितलं, तर त्यांनी तेही समजून घेतलं. म्हणाले, एक विचारायचं हुतं, एकच, मग जावा.

मग जे बोलले ते तुकड्या-तुकड्यांत. आता घरात गॅसचं बटण बंद केलं की नाही ते बायकोला विचारतात. बंद असतं. तरी उठून बघतात. दाराला कडी घातली की नाही, नळ मिटला की नाही. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येतात. बायको चिडते. डॉक्टरला दाखवलं, तो म्हणाला काही नाही. पूर्वी असं नव्हतं साहेब, म्हणाले. पूर्वी हातानं केलेलं हाताला याद असायचं. फेरे मोजायचो मी. आता एक-दोन-तीन मोजतो आणि मधेच वाटतं, मोजलं का नुसतं म्हणालो?

मग माझ्याकडं वळून, अगदी हळू आवाजात, कुणाला ऐकू जाऊ नये असं:

“खरं सांगा साहेब. तुमी शिकल्याली माणसं. त्या दिवशी मी लावला असंल का हो हात स्टार्टरला? मला आठवत न्हाय आता. आधी पक्कं आठवत हुतं.”

गाड्यावर आम्ही दोघंच होतो. चहावाला पलीकडं भांडी विसळत होता. मला काही धोका नव्हता, ही गोष्ट लक्षात घ्या. संस्था ती फाइल विसरली होती, कारखाना विसरला होता, व्हॉल्व बदलून किती काळ लोटला होता. एक वाक्य. नाही आण्णा, तुम्ही हात लावला नव्हता. एवढंच वाक्य. कारणही सांगायला लागलं नसतं. त्या माणसाला त्याचे हात परत मिळाले असते. ते माझ्या तोंडाकडं बघत होते आणि जे मी म्हणेन ते खरं मानायची त्यांची तयारी होती.

“असेल आण्णा,” मी म्हणालो. “वय झालं की हात आपसूक जातो.”

त्यांनी थोडा विचार केला. मग मान हलवली. त्यांना ते पटलं.